घराच्या दारासाठी व्हिडिओ डोअर फोन: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात घरोघरी डोअर फोन (दाराबाहेर बटण आणि कॅमेरा, घरात स्क्रीन आणि बाहेरच्याशी बोलायची सोय) बसवण्याची कामं करताना तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यांतले बहुतेक इथे एकत्र केले आहेत. दांडिया बाजारातला जुना वाडा, कारेलीबागेतलं टेनामेंट आणि गोत्री रोडवरचा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट या तिन्ही घरांना एकच उत्तर चालत नाही, म्हणून जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

दाराला भिंग आहे, बाहेर लोखंडी जाळी आहे. मग डोअर फोन कशाला?

भिंगातून बघायचं तर दारापर्यंत जावं लागतं, आणि दारापर्यंत गेलेला माणूस बहुतेक वेळा दार उघडतोच. बाहेरच्याला पावलं ऐकू येतात, भिंगातला उजेड झाकला गेलेला दिसतो, आत कोणीतरी आहे हे कळतं. मग बाहेरून "काकू, जरा पाणी देता का?" असं आलं की गप्प बसणं आपल्या माणसांना जड जातं. डोअर फोनमुळे स्वयंपाकघरातून किंवा पलंगावरून, दाराजवळ न जाता बोलता येतं. चेहरा दिसणं महत्त्वाचं आहेच, पण दार बंद ठेवून बोलता येणं त्याहून महत्त्वाचं आहे. भरदुपारी घरात एकट्या असलेल्या आजींकडे "गॅसचं मीटर बघायचंय" किंवा "दागिन्यांना पॉलिश करून देतो" म्हणत येणारा माणूस पहिल्या किलकिल्या दारातूनच आत शिरतो. ते किलकिलं दार टाळण्यासाठी हे यंत्र आहे.

मुळात ते सुचलंही याच गरजेतून. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या नर्स राहत होत्या. नवराबायकोच्या कामाच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे त्या पुष्कळदा घरी एकट्या असत, आणि बोलावल्यावर पोलीस लवकर येत नसत. १९६६ मध्ये त्यांनी नवऱ्यासोबत पेटंटसाठी अर्ज केला. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, झोपण्याच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय, तिथूनच दार उघडायचं बटण आणि मदत मागवायचं वेगळं बटण, अशी त्यांची योजना होती. २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं. आजच्या डोअर फोनमध्ये त्याहून फार वेगळं काही नाही.

आमच्याकडे सीसीटीव्ही आहे. तो पुरत नाही का?

सीसीटीव्ही काय घडलं ते सांगतो, डोअर फोन घडण्याआधी विचारायची संधी देतो. सीसीटीव्हीचा कॅमेरा उंच लावलेला असतो, त्यात टोपी आणि डोक्याचा माथा दिसतो. डोअर फोनचा कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर असतो आणि माणूस स्वतःहून त्याच्यासमोर येऊन बटण दाबतो. दोन्ही असतील तर चांगलंच. काही डोअर फोनच्या स्क्रीनवर सीसीटीव्हीचे एकदोन कॅमेरेही दिसतात. एकच परवडत असेल आणि घरात दिवसा म्हातारी माणसं किंवा मुलं एकटी असतील, तर माझं मत डोअर फोनला.

वायरचा घ्यावा की वायफायचा?

शक्य असेल तिथे वायरचा.

बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात. पहिली चार तारांची अॅनालॉग: बाहेर बटण आणि कॅमेऱ्याचं पॅनेल, आत स्क्रीन, मध्ये आवाज, चित्र, वीज आणि सामाईक ग्राउंड (परतीची तार) अशा चार तारा. स्वस्त, टिकाऊ, दुरुस्त करायला सोपी. दोनच तारांवर चालणारे संचही मिळतात आणि जुन्या घरात ते फार सोयीचे पडतात. दुसरी जात आयपी डोअर फोनची: नेटवर्कच्या केबलवरून चित्र, आवाज आणि पीओई (त्याच केबलमधून वीज देण्याची सोय) असेल तर वीजसुद्धा जाते. १०० मीटरपर्यंतची केबल चालते, चित्र स्वच्छ येतं, बंगल्यात दोनतीन मजल्यांवर स्क्रीन लावणं सोपं होतं. तिसरी, बॅटरीवर चालणारी वायफाय बेल. भिंत फोडायला नको, अर्ध्या तासात लागते.

वायफाय बेलला सरसकट नावं ठेवायची नाहीत. भाड्याच्या घरात तीच घ्या. पण बटण दाबल्यापासून तुमच्या मोबाइलवर घंटी वाजेपर्यंत काही सेकंद जातात, कारण निरोप घरातल्या राउटरवरून कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिथून परत तुमच्या फोनवर येतो. नेट ढिलं असेल तर कुरिअरवाला तोवर जिना उतरलेला असतो. शिवाय काहींच्या सोबत घरात ठेवायची घंटी येते, काहींच्या येत नाही. मोबाइल सायलेंटवर ठेवून आई झोपली असेल तर बेल वाजलेली घरात कोणालाच कळत नाही. विकत घेण्याआधी ही एक गोष्ट विचाराच.

मुलाने अमेरिकेहून व्हिडिओ बेल आणली आहे. जुन्या बेलच्या वायरला जोडून देता का?

नाही, आणि कोणी जोडून देतो म्हणालं तरी जोडू देऊ नका.

हा प्रश्न बडोद्यात दर डिसेंबरात, मुलं सुट्टीवर आली की, येतो. अमेरिकेतल्या घरांत बेलसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो आणि बेलच्या तारांत साधारण १६ ते २४ व्होल्ट असतात. तिकडच्या व्हिडिओ बेल त्या हिशेबाने बनवलेल्या असतात. आपल्याकडे दाराबाहेरच्या बेलच्या बटणात थेट २३० व्होल्टची लाइन असते. त्या तारा या बेलला लावल्या तर बेल तत्काळ जळते, आणि पितळी किंवा स्टीलच्या पट्टीत करंट उतरला तर बटण दाबणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

आणलेलं यंत्र फुकट जायची गरज नाही. त्याच्या माहितीपत्रकात व्होल्टेज लिहिलेलं असतं. तेवढ्या व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर किंवा अॅडॅप्टर घराच्या आत बसवायचा, जुन्या बेलची २३० व्होल्टची जोडणी दोन्ही टोकांनी तोडायची आणि मग त्याच पाइपातून नवी बारीक वायर ओढायची. हे काम एमसीबी (मीटरच्या बोर्डातला वीज तोडणारा स्विच) पाडून, टेस्टर लावून खात्री करूनच करायचं. बॅटरीवाली असेल तर नुसती चिकटवून चार्ज करत वापरता येते. फक्त अॅप भारतातल्या खात्यावर चालतं का, हे मुलाला परत जायच्या आधी बघायला लावा.

स्क्रीन किती इंची आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हवा?

सात इंच पुरतात. चष्मा न लावता बघायचं असेल तर दहा इंच. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा असला की चेहरा ओळखण्यापुरता भरपूर झाला. यापुढे पैसे मेगापिक्सेलवर घालवू नका.

दोन गोष्टींवर मात्र घाला. पश्चिमेला तोंड असलेल्या दारात संध्याकाळी पाच वाजता माणूस उभा राहिला की मागचं ऊन थेट कॅमेऱ्यात येतं आणि समोर नुसती काळी आकृती दिसते. यासाठी कॅमेऱ्यात डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेण्याची सोय, असावी लागते. आणि रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवे. त्यांत चित्र काळंपांढरं येतं, पण चेहरा स्पष्ट दिसतो. पोर्चमध्ये रात्रभर दिवा असेल तर तेवढीही गरज नाही.

आईबाबांना जमेल का? आईला ऐकूही कमी येतं.

यंत्र कोण वापरणार, हे आधी ठरवा आणि मग दुकानात जा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: मुलगा आपल्याला आवडेल असा टचस्क्रीनचा, सोळा सुरांचा संच आणतो, आणि तो वापरायचा असतो पंच्याहत्तरीच्या आईला. कोरड्या, सुरकुतलेल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही. त्यांच्यासाठी उठावदार बटणांचा संच घ्या.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी रिसीव्हरवाला, म्हणजे टेलिफोनसारखा उचलून कानाला लावायचा, संच सगळ्यांत चांगला. आवाज थेट कानात जातो, टीव्हीचा गलका मध्ये येत नाही, आणि लँडलाइनची सवय असल्यामुळे शिकवावंही लागत नाही. आमच्या कामात आम्ही अशा घरी बटणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवतो: 'बोला', 'बंद'. बोलायच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो, तो चष्म्याविना दिसतो. दार उघडायचं बटण असेल तर त्यावर काहीच चिकटवत नाही. गडबडीत तेच दाबलं जाऊ नये. कारेलीबागेतल्या एका आजी तर ठिपक्यावर बोट ठेवून आधी गुजरातीत "कोण छे?" विचारतात आणि मग मराठीत. दोन्ही भाषांत उत्तर मिळालं नाही तर रिसीव्हर खाली ठेवतात. हे शहाणपण कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

स्क्रीन आईबाबा दिवसातला जास्त वेळ जिथे बसतात तिथे लावा. हॉलमध्ये दाराशेजारी लावली तर सगळा खटाटोप व्यर्थ, कारण पुन्हा दारापर्यंत जावंच लागलं. दुसरी छोटी स्क्रीन किंवा नुसता आवाजाचा रिसीव्हर झोपायच्या खोलीत देता आला तर उत्तम. चाकाची खुर्ची असेल तर स्क्रीनची उंची त्या हिशेबाने.

बाहेरचं पॅनेल किती उंचीवर लावायचं?

कॅमेऱ्याचं भिंग जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. पायरी असेल तर माणूस जिथे उभा राहणार तिथून मोजायचं. पॅनेल दाराच्या बाजूच्या भिंतीवर येत असेल तर सोबत मिळणारी तिरकी पट्टी मागे लावा, नाहीतर अर्धा चेहरा आणि अर्धी भिंत दिसते.

लोखंडी जाळीचा दरवाजा असेल तर पॅनेल जाळीच्या बाहेर यायला हवं. आत लावलं तर रात्री इन्फ्रारेडचा उजेड जाळीवरून परत फिरतो आणि स्क्रीनवर पांढरा धुरळा दिसतो. पॅनेल भिंतीत पक्कं बसवा, स्क्रू साधे नव्हेत तर खास पान्याने उघडणारे वापरा. पॅनेलच्या खोक्यावर आयके ०७, आयके ०८ असं लिहिलेलं असतं, ते धक्का सहन करण्याची ताकद सांगतं. रस्त्यालगतच्या फाटकाला ०८ पाहून घ्या.

वायर कोणती टाकायची? वायरमन म्हणतो कोणतीही चालते.

चालत नाही. संच भारी आणि वायर रद्दी, यामुळे जेवढे डोअर फोन बंद पडलेले मी पाहिले तेवढे दुसऱ्या कशाने नाही.

पहिलं म्हणजे शुद्ध तांब्याची वायर मागा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, दिसायला तशीच दिसते. टोक चाकूने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर परत करा.

दुसरं, वायरची जाडी. फाटक घरापासून ३० मीटरवर आहे असं धरा. नेटवर्कच्या साध्या केबलच्या एका बारीक जोडीतून जाऊन येऊन ६० मीटर तार होते आणि तिचा रोध जवळपास ५ ओहम भरतो. कॅमेऱ्याला थोडाच करंट लागतो, तो भागतो. पण इलेक्ट्रिक लॉक १ अँपिअर ओढत असेल तर वाटेतच ५ व्होल्ट खर्च होतात आणि १२ च्या जागी ७ व्होल्ट पोचतात. मग बटण दाबलं की फाटकावर नुसतं 'टक्' ऐकू येतं आणि कुलूप काही उघडत नाही. लोक लॉक बदलतात, पुन्हा तेच. लॉकसाठी १ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर टाकली की घट एक व्होल्टच्या आसपास येते आणि काम होतं.

तिसरं, ही वायर २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपात घालायची नाही. स्पीकरमधून गुणगुण येते, चित्रावर आडव्या पट्ट्या सरकतात, आणि कधी इन्सुलेशन वितळलं तर धोका आहेच. वेगळा पाइप, शक्यतो फूटभर अंतरावर. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा.

चौथं खास आपल्या गावासाठी: फाटकापासून घरापर्यंत वायर हवेतून नेऊ नका. उत्तरायणाच्या दोन दिवसांत मांजा तिच्यात अडकतो, पोरं खालून ओढतात आणि १६ जानेवारीला आम्हाला फोन येतो. फरशीखालून जाड पाइपातून किंवा कंपाउंडच्या भिंतीच्या आतल्या बाजूने न्या.

स्क्रीनवरूनच दार उघडणारं कुलूप घ्यावं का?

फाटकाला घ्या. घराच्या मुख्य दाराला घेण्याआधी नीट विचार करा.

लोखंडी फाटकाच्या छोट्या झडपेला इलेक्ट्रिक लॉक बसतं. क्षणभर वीज मिळाली की उघडतं, वीज नसताना बंदच राहतं आणि बाहेरून किल्लीने चालतं. ऑफिसात असतं ते मॅग्नेटिक लॉक वेगळं: साधारण २७० किलोच्या जोराने धरून ठेवतं, पण वीज गेली की सुटतं. आगीच्या वेळी लोकांना बाहेर पडता यावं म्हणून ते तसं असतं. घराच्या दाराला लावलं तर लाइट गेली की दार मोकळं. मागे बॅटरी असल्याशिवाय ते घरी लावू नये, आणि त्यावर एकट्यावर तर कधीच विसंबू नये.

एक बारकावा पुष्कळ बसवणारेही सोडून देतात. काही पॅनेलमध्ये लॉकची जोडणी बाहेरच्या पॅनेललाच असते. कोणी स्क्रू काढून पॅनेल उपसलं आणि मागच्या दोन तारा एकमेकींना लावल्या, तर कुलूप उघडतं. म्हणून लॉकची जोडणी आतल्या स्क्रीनवरून किंवा घरात ठेवलेल्या वेगळ्या रिलेवरून (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचवरून) घ्या. हे वायरमनला काम सुरू होण्यापूर्वी सांगा; नंतर वायर कमी पडते.

मुख्य दाराला मात्र आतून कडी, लॅच आणि जाळी हेच खरे राखणदार.

लाइट गेली तर?

स्क्रीनची वीज इन्व्हर्टरच्या लाइनवरून घ्या. खर्च नगण्य, फायदा मोठा. वायफाय किंवा आयपी संच असेल तर राउटर आणि पीओईचा स्विचसुद्धा त्याच लाइनवर हवा, नाहीतर डोअर फोन जिवंत आणि नेट मेलेलं. जूनमध्ये पहिल्या पावसाआधी विजा कडाडतात तेव्हाच्या झटक्यांसाठी सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि घराचं अर्थिंग खरंच चालू आहे का ते तपासून घ्या.

बडोद्याचं ऊन, पाऊस आणि विश्वामित्रीचा पूर: यात टिकेल का?

उघड्यावरच्या पॅनेलसाठी खोक्यावर आयपी ६५ लिहिलेलं बघा; हा आयपी नेटवर्कचा नव्हे, धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचा. त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याच्या धारेला दाद देत नाही. छज्जाखाली किंवा जिन्यात असेल तर आयपी ५४ चालतं. सोबत येणारं पावसाचं टोपडं फेकून देऊ नका, ते उन्हातही कामाला येतं.

सिलिकॉन लावण्याची एक रीत आहे. पॅनेल आणि भिंत यांच्यातली फट वरून आणि दोन्ही बाजूंनी भरायची, खालची उघडी ठेवायची. चारही बाजू बंद केल्या तर आत गेलेला दमटपणा अडकतो आणि पंधरा दिवसांत भिंगावर आतून वाफ धरते. वायर पॅनेलमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्यायचा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकतं. आणि पाइपाचं तोंड आतून बुजवायचं. पॅनेल रात्री कोमट असतं, मुंग्यांना ती ऊब आवडते. पावसाळ्यात त्या पाइपातून येऊन सर्किटवर अंडी घालतात. बटण दाबलं तरी घंटी वाजत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा मुंग्याच शोधतो.

मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवरचं काळं पॅनेल हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. बॅटरीवाल्या बेलला हे सोसत नाही: लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि उन्हात ती लवकर म्हातारी होते. अशा भिंतीवर वायरचाच संच लावा.

पुराचं सांगायचं तर, ऑगस्ट २०२४ मध्ये समा, फतेहगंज, अकोटा या भागांत घराघरांत पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवतं. तळमजल्यावर राहत असाल तर फाटकाच्या खांबात खाली पॉवर सप्लाय बसवू नका. तो घरात, स्विचबोर्डाच्याही वर ठेवा. बाहेरच्या पॅनेलची वीज वेगळ्या एमसीबीवर असेल तर पाणी चढू लागताच तेवढीच बंद करता येते.

आमचं घर पोळमध्ये आहे. भिंती दोन फुटी, चौकट लाकडी.

मांडवीजवळच्या पोळांत (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांत) आणि दांडिया बाजारातल्या वाड्यांत वायफाय बेल सहसा फसते. राउटर माडीवर, दार खाली ओट्यापाशी, आणि मध्ये जाड विटांची भिंत. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंती बऱ्या ओलांडतो, तरी दोन फुटी भिंतीपुढे तोही थकतो. अशा घराला दोन तारांचा संच सर्वांत योग्य.

कोरीव चौकटीला भोक पाडू नका. शंभर वर्षांचं सागवान पुन्हा मिळत नाही. चौकटीशेजारच्या भिंतीत, विटांच्या सांध्यातल्या चुन्यातून भोक घ्या आणि आत वायर पट्टीतून न्या. चुन्याच्या गिलाव्यात साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, तिथे लांब स्क्रू आणि लाकडी गुटका लागतो.

फ्लॅटमध्ये लावताना सोसायटीची परवानगी लागते का? शेजाऱ्यांची हरकत असेल तर?

दाराबाहेरची भिंत सामाईक असते, म्हणून सेक्रेटरींना चार ओळी लिहून द्या. नवीन इमारतींच्या स्कीममध्ये गेटवरच्या केबिनशी जोडलेला इंटरकॉम आधीच असतो. तुमचा संच त्याला जोडता येतो का ते बिल्डरने लावलेल्या कंपनीचं नाव बघून ठरवा, नाहीतर दोन्ही वेगवेगळे ठेवा.

शेजाऱ्यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. समोरासमोर दारं असली की तुमच्या कॅमेऱ्यात त्यांचा उंबरठा येतो. त्यांच्याकडे कोण आलं, मुलगी किती वाजता परतली, हे तुमच्या मोबाइलमध्ये साठायला नको. कॅमेऱ्याचं तोंड थोडं वळवा, सेटिंगमध्ये त्यांच्या दाराचा भाग झाकून टाका, आणि सतत आवाज रेकॉर्ड करणं बंद ठेवा. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती वापर वगळला आहे, पण म्हणून शेजाऱ्याचा खासगीपणा संपत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली ऑक्सफर्डच्या कोर्टाने शेजारणीच्या तक्रारीवरून अशाच कॅमेऱ्यांच्या मालकाविरुद्ध निकाल दिला. दूरवरचं बोलणं टिपलं जात होतं यावर कोर्टाने विशेष बोट ठेवलं. बसवण्याआधी शेजारच्या काकांना बोलावून स्क्रीनवर काय दिसतं ते दाखवा. बहुतेक हरकती तिथेच मिटतात.

रेकॉर्डिंग आणि अॅपचं काय?

बेल वाजली किंवा कोणी समोर आलं की फोटो किंवा छोटी क्लिप साठवणारा संच घ्या. स्क्रीनमध्ये मेमरी कार्ड जातं, भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं. क्लाउडसाठी दर महिन्याचे पैसे पडतात. घरगुती वापराला कार्ड पुरतं. कार्ड आतल्या स्क्रीनमध्ये असावं, बाहेरच्या पॅनेलमध्ये नको.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. बसवणाऱ्या मुलाने आपल्या मोबाइलवर अॅप चालू करून दाखवलं असेल तर त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा. यंत्राच्या मागच्या क्यूआर कोडचा फोटो ग्रुपवर टाकू नका. दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर सुरू करा, आणि अपडेट आलं की करून टाका.

मुलगा न्यू जर्सीत असेल आणि त्याला वाटत असेल की आपण तिथूनच सगळं बघू, तर त्याला वेळेचा हिशेब सांगा: इथे दुपारचे दोन म्हणजे उन्हाळ्यात तिथे पहाटेचे साडेचार. नेमक्या जोखमीच्या वेळी तो झोपलेला असतो. दुसरा फोन गावातल्याच कोणाचा जोडा: पुतण्या, मैत्रीण, वरच्या मजल्यावरचं विश्वासू बिऱ्हाड.

खर्च किती येतो?

सात इंची साधा वायरचा संच साधारण सहा ते बारा हजारांत, आयपीचा त्याच्या दुप्पट किंवा अधिक. वायर, पाइप, लॉक आणि मजुरी वेगळी. मरीमाताच्या खांच्याच्या बाजारात भाव करता येतो, पण बिल आणि वॉरंटीचा शिक्का घेतल्याशिवाय घेऊ नका. ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बडोद्यात किंवा निदान अहमदाबादेत आहे तीच निवडा. बजेट तोकडं असेल तर स्क्रीन लहान करा, वायर हलकी करू नका.

वायरमनला पूर्ण पैसे देण्याआधी काय तपासायचं?

एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर घरातल्या माणसाला बाहेर उभं करून चेहरा ओळखू येतो का बघा. टीव्ही मोठ्याने लावून घंटी ऐकू येते का बघा. मग मेन स्विच पाडा: स्क्रीन चालू राहते का, कुलूप बंदच राहतं का? बादलीभर नव्हे, तांब्याभर पाणी पॅनेलच्या टोपड्यावर ओता. लॉकचं बटण लागोपाठ पाचसहा वेळा दाबा. शेवटी ज्यांनी वापरायचं त्यांच्या हातात रिसीव्हर द्या आणि तुम्ही बाहेर जाऊन बेल वाजवा. त्यांना कोणी न सांगता बोलता आलं की काम पुरं झालं.

अनोळखी माणूस दिसला तर काय बोलायचं?

घरात एकट्या आहात हे कळू द्यायचं नाही. "हे अंघोळीला गेलेत, थोड्या वेळाने या" एवढं पुरतं. ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरायला सांगा, पण ओळखपत्र दिसलं म्हणून दार उघडू नका; बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करून विचारा. पार्सल बाहेर ठेवायला सांगा. माणूस हटत नसेल तर ११२ लावा. नवरात्रात सगळं घर गरब्याला गेलेलं असतं आणि म्हातारी माणसं रात्री उशिरापर्यंत एकटी असतात, तेव्हा हे एकदा घरात सगळ्यांनी मिळून बोलून ठेवा. मोलकरीण आणि मुलं यांनाही सांगा.

नवीन बसवल्यावर जुनी टिंगटाँग बेल काढून टाकायची का?

जुन्या बेलच्या तारा नव्या यंत्राला लागत नसतील तर राहू द्या. फक्त तिचं बटण पॅनेलपासून दूर असेल तर लोक सवयीने तेच दाबतात आणि कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. अशा वेळी बटणाची जागा बदलून ते आत, आजींच्या पलंगाशेजारी घ्या. रात्री त्यांना काही हवं असलं तर तीच घंटा तुम्हाला उठवेल.